शिंगं मोडून वासरात

आपल्यापैकी किती जणींच्या घरी आज गाय-म्हैस असेल? दूध पिशवीतून येतं, गोवऱ्या होळीपुरत्या विकत आणतो आणि शेणाचा सडा तर सिमेंटच्या अंगणात शोभतही नाही. तरीसुद्धा प्रत्येकीच्या जिभेवर एक भरलेला गोठा आहे, हे कधी लक्षात आलंय का तुमच्या? दिवसभरातलं आपलंच बोलणं आठवून पाहा. मुलगा उलटून बोलला की ‘शिंगं फुटली वाटतं!’ दहावीतल्या मुलीने जेवलेलं ताट तसंच ठेवलं की ‘एवढी घोडी झालीस, पण अक्कल नाही.’ भाच्याने चांगली लागलेली नोकरी सोडली की ‘गद्धेपंचविशी, दुसरं काय!’ आणि साठीला आलेल्या कुणी केसांना रंग लावला की हळदीकुंकवाला आपणच शेजारणीच्या कानाशी लागतो, ‘शिंगं मोडून वासरात शिरल्यात बाई.’ माणसाचं वय सांगायचं म्हटलं की आपल्याला कॅलेंडर आठवत नाही, जनावरं आठवतात.

मला या बोलण्याचा नाद लागला तो लग्नानंतर. माझं माहेर अकोल्याचं. वडील शाळामास्तर, घर भाड्याचं, जनावर म्हणून फक्त शेजाऱ्यांचं मांजर. १९७९ साली लग्न होऊन मी डोणगावला आले. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे मोठं गाव. आमच्या घरी तेव्हा दोन बैलजोड्या, तीन गाई, एक म्हैस आणि त्यांची सगळी पिलावळ. वखरणी, पेरणी, डवरणी, सगळं बैलांवर. पहिल्या आठवड्यात मी सासूबाईंना (त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू) म्हटलं, “आत्याबाई, ते छोटं वासरू सुटलंय.” त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “वासरू कुठलं वं माय? कालोड हाय ते. येत्या सालात गाभण राईन!”

झालं, माझी शाळा सुरू झाली. गाईचं पिल्लू ते वासरू, पण वाढायला लागलं की मादी ती कालवड आणि नर तो गोऱ्हा. म्हशीची वाढती पोर ती वगार. शेळीचं करडू, पण मादी वयात आली की तिला पाट म्हणायचं. घोडीचं शिंगरू. एवढंच काय, अंड्यावर न आलेल्या कोंबडीलाही स्वतंत्र नाव, तलंग. आपल्याकडे माणसाच्या मुलीला ‘मुलगी’ आणि मग एकदम ‘बाई’, मधल्या वयाला धड शब्द नाही. जनावरांच्या बाबतीत मात्र दर पावलाला एक नाव. का, तर त्या प्रत्येक नावाची बाजारात किंमत वेगळी.

वय ठरवायचं ते दातांवरून. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात. आधी दुधाचे. साधारण दोन-अडीच वर्षांनी मधले दोन पडून पक्के दात येतात, तो दोनदाती. मग वर्ष-सहा महिन्यांच्या फरकाने चारदाती, सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या सुमाराला आठही दात आले की जनावर ‘जुळलं’. पुढची गंमत अशी की एकदा जुळल्यावर नव्याने काही येत नाही, नुसती झीज पाहून अंदाज करायचा. त्यामुळे बाजारात दहा वर्षांचा बैलही ‘आत्ताच जुळलाय जी’ म्हणून उभा केला जातो. सासरे बाजाराहून आले की हे नक्कल करून सांगायचे आणि माझ्याकडे पाहून म्हणायचे, “बायकायचं तीस साल बी तसंच असते, नाही का?” मीही मग एकदा म्हटलं, “मामंजी, आणि पुरुषांचं चाळीस?” तेव्हापासून आमचं छान जमलं.

बाजारात भाव ठरतो तो रुमालाखाली. विकणारा आणि घेणारा एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात, भोवतीच्या माणसांना पत्ता लागत नाही. सासऱ्यांनी हे सगळं वर्णन केलं तेव्हा मला माझी स्वतःची पाहण्याची बैठक आठवली. ‘जरा चालून दाखव बाळ.’ ‘सुईत दोरा ओवता येतो का?’ कुणीतरी मावशी मला हसवायला म्हणून काहीतरी बोलल्या, आणि मी हसले तेव्हा त्यांची नजर सरळ माझ्या दातांवर! वडील पाहुणे गेल्यावर आईला म्हणाले होते, “धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, आणि इथे हुंडाही द्यायचा नि दातही मोजून घ्यायचे.” आई त्यांना गप्प करत होती, पण तिचेही डोळे भरून आले होते.

आता शिंगांचं. ‘शिंगं फुटली’ हे आपण वयात येणाऱ्या पोरांना म्हणतो, आणि ते अगदी बरोबर निरीक्षण आहे. गोऱ्ह्याच्या डोक्यावर टेंगळं यायला लागली की तो दिसेल तिथे डोकं घासतो, खांबाला, झाडाला, आईच्या पोटालाही. त्याला मारायचं नसतं, खाज सुटलेली असते. माझ्या थोरल्याला तेरावं लागलं, तो सारखा भांडायला उठे, तेव्हा मी वैतागून आत्याबाईंकडे गाऱ्हाणं नेलं. त्या म्हणाल्या, “खाज हाय त्याले. तू खांब हाय. खांबानं हालू नाही.” मुलं वाढवण्यावर मी नंतर पुष्कळ लेख वाचले, पण त्यातलं मला आता काही आठवत नाही.

गाईच्या शिंगावर वयाबरोबर वळी पडत जातात. जाणते लोक शिंगाच्या बुडाशी बोट फिरवून तिची किती वेतं झाली याचा अंदाज सांगतात. व्यापारी मग शिंगं तासून, तेल-रंग लावून गुळगुळीत करतात. म्हणजे बघा, शिंग हाच वयाचा दाखला! ते मोडलं तरच वासरात खपून जायला वाव. ‘शिंगं मोडून वासरात शिरणं’ या बोलण्यात केवढी पारख आहे हे मला गोठ्यात उभं राहिल्यावर कळलं. अशा शब्दप्रयोगांचा केवढा तरी साठा दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’त आहे, पण कोशात शिंगाला हात लावता येत नाही.

गद्धेपंचविशीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. शब्द मोठा मजेदार, त्यात मायाही आहे. पंचवीस वर्षांपर्यंत माणूस गाढवासारखा वागणारच, त्याला सांभाळून घ्या, असं तो म्हणतो. पण ही सवलत कुणाला? आमच्या पिढीतल्या बायकांची पंचविशी आठवा. कडेवर एक, बोटाला एक, चुलीवर भाकरी. गाढवपणा करायला सवड कुठे होती! ओझं वाहण्यापुरतं गाढव आमच्या वाट्याला आलं, उकिरड्यावर लोळण्यापुरतं त्यांच्या.

आपल्यासाठी शब्द होता तो ‘घोडनवरी’. आणि तोही किती लवचीक! १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, तेव्हा सोळाची मुलगी घोडनवरी. १९७८ मध्ये कायद्याने वय अठरा झालं. माझं लग्न पुढच्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी झालं, तेव्हा डोणगावात मांडवाखाली हा शब्द माझ्या कानावर आला होता. आज माझी नात पुण्यात नोकरी करते, एकोणतिसावं चालू आहे, आणि परवा फोनवर माझ्या जावेने तिच्याबद्दल तोच शब्द वापरला. वय पुढे सरकत गेलं, घोडी आहे तिथेच उभी! पुरुषाच्या बाबतीत मात्र आमच्या वऱ्हाडात लोक चक्क हिंदीतून सांगतात की मर्द आणि घोडा कधी म्हातारा होत नाही. घोडा तोच, घोडीला मात्र ‘बुढी घोडी लाल लगाम’. एकाच तबेल्यातला हा न्याय.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक शब्द असा आहे की तो मला कधीच हसून सोडता आला नाही. भाकड.

आमच्या घरामागच्या गल्लीत माझी एक मैत्रीण राहते. नाव सांगत नाही, ती हे वाचेल. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. तिला तीन मुली झाल्या, आणि पस्तीस-छत्तीसच्या वयात सतत अंगावरून जायला लागलं म्हणून तिची गर्भपिशवी काढली. त्या वेळी काढायलाच हवी होती की औषधाने भागलं असतं, हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही. सही नवऱ्याने केली. (२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या अशाच शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा मला हीच आठवत राहिली.) शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांनी मी तिला भेटायला गेले. ती खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. तिच्या सासूबाई ओसरीवर आल्या-गेल्या बाईला सांगत होत्या, “आता काय, भाकड झाली. खुट्याले बांधून चारा घालनं आलं.” आवाज लहान करायचीही त्यांना गरज वाटली नव्हती. मैत्रिणीने मान वर केली नाही. तांदळातला खडा समजून ती तांदूळच बाहेर टाकत होती.

मी घरी आले आणि न राहवून हे आत्याबाईंना सांगितलं. त्या गाईला ढेप कालवत होत्या. आमची हरणी तेव्हा गाभण होती, सातवा सरला होता, म्हणून तिला आटवली होती. आत्याबाईंनी हात धुतले, काही बोलल्या नाहीत, पायात चपला घातल्या आणि चालू लागल्या. मी मागोमाग. मैत्रिणीच्या ओसरीवर जाऊन त्या तिच्या सासूसमोर बसल्या. वयाने ह्या मोठ्या, शिवाय नात्याने चुलत नणंद, त्यामुळे बोलायचा हक्क होता. म्हणाल्या, “भाकड कोणाले म्हनते वं तू? ढोरं पाळली का नाही कधी? भाकड गाय म्हनजे मेली गाय नाही. आराम करते ते. तिले तवाच जास्त खाऊ घाला लागते. तू सुनेले काय खाऊ घातलं, सांग बरं.”

ओसरी गप्प झाली. आत्याबाई चौथीही शिकलेल्या नव्हत्या. पण पुढे कधीतरी जनावरांचे डॉक्टर गावात आले असता मी मुद्दाम विचारलं, तेव्हा त्यांनी तेच सांगितलं. विण्याआधी साधारण साठ दिवस गाईचं दूध बंद करायचंच असतं. त्या काळात कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी झडून नव्याने तयार होतात, पोटातलं वासरू झपाट्याने वाढतं. हा भाकड काळ दिला नाही तर पुढच्या वेताला दूध कमी येतं. खुराक तेव्हा तोडायचा नसतो, सांभाळून द्यायचा असतो. इतका चांगला शब्द, विश्रांतीचा! आपण तो उचलला आणि बाईच्या तोंडावर मारला. आणि तोही अर्धाच उचलला, कारण माझी मैत्रीण पुन्हा विणार नव्हती हे खरंच आहे. पण तिला तर दुधासाठी कुणी आणलंही नव्हतं. त्या घरातलं धुणं, भांडी, वावरातलं निंदणं आणि तीन मुलींचा अभ्यास यातलं काहीही पिशवीतून निघत नव्हतं.

मला तेव्हापासून एक चाळाच लागला. पुरुषांना लावलेले शब्द पाहायचे आणि बायकांना लावलेले. खोंड, वळू, बैल, घोडा, सगळे ताकदीचे. अगदी शिवी म्हणून ‘टोणगा’ म्हटलं तरी त्यात अंगापिंडाचं कौतुक असतं. आपल्याला कालवड, गरीब गाय, भाकड. म्हणजे होणार, होतेय, झालं. सगळा हिशोब कासेचा. आणि जिच्याकडे पेन्शन आहे तिच्यासाठी ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’! माझ्या एका शिक्षिका असलेल्या विधवा वहिनी ही म्हण स्वतःच सांगतात, सून चहा घेऊन आली की डोळा बारीक करून.

म्हाताऱ्या बैलाची गोष्टही सांगायला हवी. आमच्या सर्जाचं वय झालं, तेव्हा त्याला विकून टाकावं असं धाकट्या दिरांचं म्हणणं होतं. सासरे ऐकेनात. त्याचं कारण नुसती माया नव्हती. नवा खोंड जुंपायचा तर दुसऱ्या बाजूला जुना, जाणता बैल लागतो. खोंड उधळायला बघतो, जुना आपल्या चालीने चालतो, आणि जू दोघांच्या मानेवर एकच असल्याने खोंडाला चाल शिकावीच लागते. दोन खोंड एकत्र जुंपले तर वावरही गेलं आणि वखरही. सर्जाने असे तीन खोंड शिकवले. मी स्वयंपाकघरात पहिल्यांदा एकटीने पन्नास माणसांचा पोळ्याचा स्वयंपाक केला, तेव्हा आत्याबाई चुलीजवळ पाट घेऊन नुसत्या बसून होत्या. हात लावला नाही. पुरणाला चटका बसायच्या बेताला आलं की खोकायच्या. मी त्यांना संध्याकाळी म्हटलं, “आत्याबाई, आज तुम्ही सर्जा झालात.” त्यांना ते इतकं आवडलं की आल्या-गेल्याला सांगत राहिल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, जिथे वर्षभर जू घासलं तिथे, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. सर्जाच्या खांद्यावर घट्टे पडले होते, हाताला लाकडासारखे लागायचे. सासरे त्याच्याच खांद्याला सगळ्यात जास्त वेळ चोळत. तो गेला तो आमच्याच गोठ्यात. सगळ्यांना हे परवडतं असं नाही, आणि मी कुणाला नावं ठेवणार नाही. गाईंच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंदी आली, २०१५ मध्ये ती बैलांनाही लागू झाली. तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला विकत कोण घेणार आणि घरी ठेवलं तर कुटार कुठून आणणार, यावर आमच्या चौकात अजून वाद होतात. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, त्यामुळे वाद फार लांबत नाही.

आता आमच्या गोठ्यात मोटारसायकली आहेत. कपाशीच्या जागी सोयाबीन आलं, पेरणी ट्रॅक्टरने होते. हे एकट्या डोणगावचं नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या गाई २०१२ पेक्षा अठरा टक्क्यांनी वाढल्या, पण गोऱ्हे-बैल मिळून सगळे नर सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, तो आमच्याच मेहकर तालुक्यातून जातो. त्यावर बैलबंडीला जागाच नाही. पोळ्याला बरेच जण मातीची जोडी आणून पूजा करतात, आम्हीही. माझ्या नातीला कालवड आणि गोऱ्हा यातला फरक सांगून थकले. तिच्या बोलण्यात वयासाठी दुसरेच शब्द येतात. कुणी दमलं की ‘बॅटरी डाऊन’, कुणी जुन्या वळणाचं असलं की ‘आऊटडेटेड’. मी तिला म्हटलं, अगं, आमचा सर्जा म्हातारा झाला तरी निदान त्याच्या अंगावर हात फिरवता येत होता. त्यावर ती म्हणाली, “आजी, पण बॅटरीला कुणी भाकड तरी म्हणत नाही.” उत्तर सुचलं नाही मला.

मैत्रिणीचं सांगायचं राहिलं. तिच्या सासूबाई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं हिनेच केलं. तिन्ही मुली शिकल्या, एक परिचारिका आहे. गेल्या वर्षी आमच्या बचत गटाची लोणारला सहल निघाली. सरोवराकडे उतरायच्या पायऱ्या खूप, साडीत पाय अडकेल म्हणून धाकटीने आईला पंजाबी ड्रेस शिवून दिला होता. ती तो घालून गाडीपाशी आली आणि जी कुजबूज व्हायची ती झालीच. एकीने तर तोंडावरच म्हटलं, “काय वं, शिंगं मोडून वासरात?”

ती ओढणी सारखी करत गाडीत चढली आणि वळून म्हणाली, “माहे शिंगं फुटाच्या वक्ती लगन झालं न माय. आता फुटून रायले. मोडू कायले?”

खिडकीजवळची जागा तिनेच घेतली. मेहकर येईपर्यंत काच काही लावू दिली नाही कुणाला.